पाहिजेत: उमेदवार, मुंबई ४०० ०५३ ते ४०० १०३

गेल्या दिवाळीत माळा काढला तेव्हा जुन्या कॅसेटांच्या खोक्याखाली एक दोनशे पानी वही निघाली. बोरिवलीची भाची मदतीला आली होती. तिने वही झटकून उघडली आणि विचारलं, "मावशी, हे काय गं? गणिताची वही का?" पानंच्या पानं कंस, अवतरणचिन्हं, उणे चिन्हं आणि त्यात अडकलेले इंग्रजी शब्द. एका पानावर नुसतेच पिनकोड. शेवटी शेवटी एक ओळ लाल पेनाने खोडलेली.

"हे माझं हापिसचं काम होतं," मी म्हटलं.

"म्हणजे तू करायचीस काय?"

हा प्रश्न आमच्या अख्ख्या खानदानाने मला २००० ते २००८ या काळात विचारला आहे आणि "प्लेसमेंटमध्ये आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानलं आहे. (मुलुंडच्या आत्याची अजून समजूत आहे की मी लोकांना नोकऱ्या 'लावायचे'. तिने किमान चार जणांना माझ्याकडे धाडलं होतं.) खरं काम असं होतं: अंधेरी पूर्वेला स्टेशनजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, चार संगणक आणि एक किरकिरा मोडेम असलेल्या खोलीत बसून मी माणसं शोधायचे. नोकरी शोधणारी माणसं नव्हे, ती तर आपणहून येतात. नोकरी न शोधणारी माणसं, आणि तीही त्यांना पत्ता नसताना. या कामाला आता 'सोर्सिंग' असं भारदस्त नाव आहे आणि त्याची शिबिरं होतात. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

तर मंडळी, त्या वहीच्या निमित्ताने या धंद्याचा थोडा इतिहास. नमनाला घडाभर तेल जाणार आहे, चालवून घ्या.

मुंबईत कामाला माणूस कसा मिळवायचा, याचं शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर होतं जॉबर. गिरणीत खात्याचा जॉबरच माणसं आणायचा, ठेवायचा आणि काढायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. कोणाचा भाऊ गावाहून आलाय, कोण कुठल्या गिरणीतून भांडून निघालाय, कोणाचा हात साच्यावर बसलेला आहे, हे सगळं जॉबरच्या डोक्यात. चालतंबोलतं शोधयंत्रच, फक्त दस्तुरी घेणारं. १९३१ साली व्हिटली आयोगाच्या अहवालाने जॉबरच्या हाती एकवटलेल्या या सत्तेवर टीका केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदी ठेवायची पद्धत सुरू केली, म्हणजे निदान बदलीची भरती तरी एका माणसाच्या मर्जीवर राहू नये. डोक्यातलं नाव कागदावर आणायची सुरुवात ती.

पुढे १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं केलं. आमच्या बाबांचं तिथलं कार्ड अजून फायलीत आहे, कोपरे गोल झालेलं. आणि मग जाहिराती. 'पाहिजेत' हे मराठी वर्तमानपत्रातलं मला सगळ्यात आवडणारं क्रियापद आहे. कर्ता नाही, आर्जव नाही, नुसतं पाहिजेत. फिटर पाहिजेत, टंकलेखक पाहिजेत, घाटकोपर येथे शिक्षिका पाहिजेत. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभं राहिलं, ते इलेक्ट्रॉनिक वस्तू निर्यात करायला. त्याच आवारात मग टाटा बरोज आली, पटनी आली आणि पडद्यांची, डबीचिप्सची भाषा बोलणाऱ्या त्या भागात प्रोग्रॅमर नावाची नवी जात दिसू लागली. नव्वदीत या कंपन्यांच्या जाहिराती इंग्रजी पेपरच्या बुधवारच्या 'असेंट' पुरवणीत यायच्या आणि लोकलच्या डब्यात त्या दिवशी पुरवणी आधी उघडली जायची, पेपर नंतर. (शेजारी आपल्याच हापिसातला कोणी बसला असेल तर उलट.)

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एक्स्चेंज असो की 'असेंट', पहिलं पाऊल उमेदवाराचं असायचं. तो नाव नोंदवायचा, तो अर्ज धाडायचा. त्याने काही केलं नाही तर तो कोणालाही दिसायचा नाही. १९९७ मध्ये नौकरी डॉट कॉम निघालं तेव्हाही कल्पना तीच होती. संजीव बिखचंदानींची गोष्ट प्रसिद्ध आहे: आधीच्या नोकरीत त्यांनी पाहिलं की सहकारी 'बिझनेस इंडिया' मागच्या पानापासून उघडतात, कारण जाहिराती मागे असत, आणि त्यात नोकरी बदलायचा विचार नसलेलेही होते. मग त्यांनी पेपरांतल्या हजारभर जाहिराती गोळा करून संकेतस्थळावर चढवल्या. म्हणजे तेही 'पाहिजेत'च, फक्त पडद्यावर.

दिशा उलटी झाली ती वेगळ्याच वाटेने. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईत सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र सुरू झालं. अल्टाव्हिस्टाची गंमत अशी की ते पानांतला प्रत्येक शब्द साठवायचं आणि तुम्हाला त्या शब्दांशी अटी घालून खेळू द्यायचं. इकडे आपल्या पोरांनी काय केलं? जिओसिटीजवर फुकट जागा मिळते म्हणून घरचं पान काढलं. त्यावर आवडत्या नटीचा फोटो, फिरणारा पृथ्वीचा गोळा, पाहुण्यांची वही आणि सगळ्यात खाली एक दुवा: माझा रेझ्युमे. तो त्यांनी कोणा मालकासाठी ठेवला नव्हता. ठेवायला जागा होती म्हणून ठेवला होता.

अमेरिकेतल्या भरतीवाल्यांनी हे आधी ओळखलं. नव्वदीच्या शेवटी तिथे याचं रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं होतं आणि युक्त्यांना नावं पडली होती. एखाद्या पानाला कोणकोण दुवे देतात ते उलटं शोधणं म्हणजे 'फ्लिप'. पत्त्याचं शेपूट एकेक तुकडा तोडत मूळ फोल्डरपर्यंत जाणं म्हणजे 'पील', कांदा सोलावा तसं. आणि एकाच संकेतस्थळाच्या पोटात बघणं म्हणजे 'एक्स-रे'. आम्हाला ही नावं कितीतरी नंतर कळली. आमचे साहेब पीलला "मागे मागे जा" म्हणायचे.

आम्ही याकडे का वळलो? पैशासाठी, दुसरं काय. वाय-टू-केची लाट ओसरली, २००० मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला, कंपन्यांनी फी पाडली. नोकरीच्या संकेतस्थळांच्या विदागारात शिरायचं तर वर्षाचं शुल्क, आणि तिथला उमेदवार आधीच दहा जणांनी फोन करून पिळलेला. गूगलबाबा फुकट होते.

आता वहीतल्या गणिताकडे येते. हे गणित तुम्हाला सगळ्यांना येतं, फक्त तुम्ही ते स्थळ बघताना वापरता. "मुलगी नोकरी करणारी हवी, आणि मुंबईची किंवा ठाण्याची, आणि मंगळ नको." झालं. आणि, किंवा, नको. अँड, ऑर, नॉट. जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने विचारांना असं बीजगणितात बसवणारा ग्रंथ १८५४ मध्ये लिहिला. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं ते मेरी एव्हरेस्टशी, म्हणजे ज्यांच्या नावाने शिखर आहे त्या हिंदुस्थानच्या सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्टांच्या पुतणीशी. काकांकडून आलेल्या भारतीय विचारांचा आपल्या नवऱ्यावर परिणाम झाला असं मेरीबाईंनी पुढे लिहिलंही आहे. किती खरं, किती काकाप्रेम, ते सोडून देऊ. बूलचा मित्र आणि तर्कशास्त्रातला सहप्रवासी ऑगस्टस डी मॉर्गन मात्र चक्क मदुराईत जन्मलेला. असो. भरकटले.

बूलचं गणित सोपं आहे, अवघड आहे ती मुंबई. समजा एका गिऱ्हाईकाला ओरॅकल येणारा, मुंबईतला, पाचेक वर्षं अनुभवाचा माणूस हवा आहे. 'मुंबई' टंकलं की अर्धे लोक गायब, कारण शहराचं इंग्रजी नाव बदललं १९९५ मध्ये आणि त्याआधी शिकलेल्यांच्या कागदांवर बॉम्बे. विद्यापीठ १९९६ पर्यंत बॉम्बे, नंतर मुंबई. व्हीजेटीआयचा उलगडा १९९७ पर्यंत व्हिक्टोरिया ज्युबिली, नंतर वीरमाता जिजाबाई. बरं, आयआयटी मात्र बॉम्बेच राहिली. बोरिवलीचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचं. म्हणजे प्रत्येक जागी कंस आणि त्यात 'किंवा'. आणि गूगल तेव्हा प्रश्नात दहाच शब्द घ्यायचं! अकरावा शब्द दिला की ते तो सोडून द्यायचं. जानेवारी २००५ मध्ये ती मर्यादा ३२ वर गेली तेव्हा आमच्या हापिसात वडापाव आले होते. त्याआधी लांबलचक अटी घालायच्या तर मी अल्टाव्हिस्टाकडेच जायचे, बिचारं तोवर म्हातारं झालं होतं तरी. (ते २०१३ मध्ये बंद पडलं. मी त्या दिवशी उगाच एकदा उघडून बघितलं होतं.)

दुसरी अडचण खुद्द 'रेझ्युमे' या शब्दाची. इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ पुन्हा सुरू करणे, त्यामुळे अडकलेली डाउनलोडं पुन्हा कशी सुरू करावीत याची पानंच पानं यायची. शिवाय आपले लोक रेझ्युमे म्हणत नसत, बायोडेटा म्हणत, सीव्ही म्हणत किंवा फाइलला स्वतःचंच नाव देत. मग काय शोधायचं? एके दुपारी मला उत्तर सापडलं आणि त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. भारतीय माणूस रेझ्युमेत असं काय लिहितो जे जगात दुसरं कोणी लिहीत नाही? 'लँग्वेजेस नोन'. आणि शेवटी, प्रतिज्ञापत्र असावं तसं, 'आय हिअरबाय डिक्लेअर'. ही दोन वाक्यं अवतरणचिन्हांत घातली, फाइलचा प्रकार वर्डचा मागितला (गूगल २००१ पासून पीडीएफ आणि वर्डच्या फायलींतही शोधू लागलं होतं), 'नमुना' आणि 'अर्ज करा' यांच्या इंग्रजी शब्दांपुढे उणे लावलं, आणि पडद्यावर धडाधड आपली माणसं. दत्तक घेतल्यासारखी. वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, पासपोर्टचा नंबर, छंद: वाचन आणि क्रिकेट.

आता वहीतलं ते पिनकोडांचं पान. ते समजण्यासाठी उपनगरातल्या लोकांना काही सांगायला नको, पण पुण्याच्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी सांगते. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, बदलाव्या लागणाऱ्या गाड्यांमध्ये मोजतात. बोरिवली ते अंधेरी एक लोकल. मुलुंड किंवा घाटकोपर ते अंधेरी नकाशावर त्याहून फार नाही, पण ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू होईपर्यंत तो प्रवास म्हणजे अंधेरी-कुर्ला रोड. मी स्वतः आठ वर्षं मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून ३४० नंबरच्या बसने अंधेरी केलं आहे. साकीनाक्याला बस उभी राहिली की माणूस आयुष्याचा विचार करू लागतो. आमच्या सीप्झ, मरोळकडच्या गिऱ्हाइकांना हे चांगलं ठाऊक होतं. "वेस्टर्न लाइनचाच द्या," ते म्हणायचे, "सेंट्रलवाला सहा महिन्यांत सोडतो."

रेझ्युमेत वेस्टर्न लाइन लिहिलेलं नसतं. पिनकोड असतो. आणि गूगलमध्ये दोन आकड्यांमध्ये दोन टिंबं दिली की त्यामधले सगळे आकडे शोधता यायचे. अमेरिकेतले भरतीवाले त्यांच्या झिपकोडवर हेच करायचे. मी खुशीत ४०००५३ ते ४००१०३ असा पट्टा टाकला, अंधेरी पश्चिम ते बोरिवली. आणि पडद्यावर मुलुंड, भांडुप, चेंबूर, कुर्ला यांची खिचडी.

तेव्हा मी पहिल्यांदा पिनकोड या वस्तूकडे नीट बघितलं. ती आपल्या माणसाची निर्मिती आहे, श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संस्कृतातले कवी आणि नाटककार, शंभरावर पुस्तकं, आणि पोटापाण्याला केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची सहा आकडी योजना लागू झाली. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या इतक्या भाषा आणि लिप्या, यातून पत्र बरोबर घरी जावं म्हणून. पहिले तीन आकडे विभागणी करणाऱ्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. शेजारच्या कचेऱ्यांना लागोपाठचे आकडे मिळतील असं कोणी वचन दिलं नव्हतं. म्हणून ६६ बोरिवली पूर्व, ६७ कांदिवली, ६८ दहिसर, ६९ अंधेरी पूर्व, आणि ७० म्हटलं की एकदम कुर्ला! ७७ घाटकोपर पूर्व, ८० आणि ८१ मुलुंड, ८६ घाटकोपर पश्चिम, ९२ बोरिवली पश्चिम, ९३ चकाला. वहीतलं पान म्हणजे हेच, वेस्टर्नचे आकडे निवडून काढलेले, कारण पट्टा चालत नव्हता आणि एकेक आकडा 'किंवा' लावून द्यावा लागायचा. त्यातही मुंबईकर पिनकोड सलग लिहीत नाहीत. ४०० ०९२ असा मध्ये जागा सोडून लिहितात, म्हणजे यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे आकडे. कित्येक जण तर जुन्या सवयीने नुसतंच 'मुंबई-९२'. हे लोक मला कधी सापडलेच नाहीत. त्यांना हुकलेल्या नोकऱ्यांची त्यांना गंधवार्ताही नसेल.

माणसाच्या दारापर्यंत पत्र पोचावं म्हणून कवीने काढलेला आकडा, आणि मी तो दार बंद करायला वापरत होते. तेव्हा असं वाटलं नव्हतं. तेव्हा मी हुशार होते.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यानंतर एका गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलं ते लेखी दिलं: उमेदवार शक्यतो अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातला. त्यांचं एक तातडीचं काम होतं, डेटाबेस सांभाळणारा माणूस हवा होता आणि कुठे मिळत नव्हता. मी सप्टेंबरातल्या एका दुपारी दुसरी युक्ती लावली, 'इंडेक्स ऑफ' आणि 'पॅरेंट डिरेक्टरी' या शब्दांची. एखाद्या संकेतस्थळाचं फोल्डर कुलूप न लावता उघडं राहिलं असेल तर त्यातल्या फायलींची यादीच दिसते. एका छोट्या सल्लागार संस्थेचं फोल्डर उघडं होतं. आत शेकडो बायोडेटा. घबाड! साहेबांना हाक मारली.

त्यातला एक अगदी नेमका माणूस होता. मोबाइल लागेना. बायोडेटात हापिसचाही नंबर होता, तो फिरवला. टेलिफोनवरच्या बाईंनी विचारलं, कुठून बोलताय? मी कंपनीचं नाव सांगितलं आणि, देवा, वर सांगितलं की त्यांच्या बायोडेटासंदर्भात.

तो फोनवर आला आणि काही क्षण बोललाच नाही. मग हळू आवाजात, मराठीत, "हा तुम्हाला मिळाला कुठून?" मी सांगितलं जालावर आहे. "मी कुठेही टाकलेला नाही. वर्षापूर्वी एका ठिकाणी दिला होता. आणखी कोणाकोणाला दिसतो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, तुमची मुलाखत ठरवते. त्याने फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, रात्री, घरी जाताना मी ३४० मध्ये लोंबकळत होते तेव्हा. साहेबांना कळलं होतं. हा दुसरीकडे बघतोय म्हणून त्याला आधी कामावरून बाजूला केलं आणि मग राजीनामा द्यायला सांगितला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "ती जागा अजून आहे का?" एवढंच विचारलं.

जागा होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाकडे त्याचा बायोडेटा पाठवला. तासाभरात उत्तर आलं, माणूस चांगला आहे, पण पत्ता बघितलात का? घाटकोपर पश्चिम, मुंबई ४०० ०८६. नियम मीच तर वहीत लिहून ठेवला होता. त्या घाईच्या दुपारी मात्र पत्ता बघायचं राहून गेलं होतं. मी दोनदा फोन केला, विनवलं, काही उपयोग झाला नाही. पुढे त्याने दुसरीकडे काही मिळवलं असेल, चांगला माणूस होता. मी पुन्हा फोन करायचं धाडस केलं नाही.

लाल पेनाने खोडलेली ओळ ती, 'इंडेक्स ऑफ'ची. त्यानंतर मी उघड्या फोल्डरात शिरले नाही. हे फार मोठं काही केलं असं नाही, कारण बाकीचं सगळं चालूच ठेवलं, आणखी तीन वर्षं. कोणाच्याही हापिसात फोन करायचा नाही, एवढा एक नियम मात्र आमच्या खोलीत मी लावला आणि साहेबांनी तो कुरकुरत मानला.

पुढचा इतिहास तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे, भरभर सांगते. ऑगस्ट २००७ मध्ये मॉन्स्टरवर चोरांनी भरतीवाल्यांचेच परवलीचे शब्द वापरून दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती उचलली. म्हणजे आमच्यासारख्यांच्या चाव्यांनी. ऑर्कुटवर आम्ही एखाद्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या समूहात शिरून नावं वेचायचो, ते २०१४ मध्ये बंद झालं. जिओसिटीज त्याआधीच, २००९ मध्ये, फिरणाऱ्या पृथ्वीच्या गोळ्यांसकट पुसलं गेलं. त्याच वर्षी लिंक्डइनने मुंबईत हापिस काढलं आणि लोकांनी आपला बायोडेटा स्वतःहून, रीतसर रकाने भरून, शोधयंत्रासाठीच लिहायला घेतला. 'आय हिअरबाय डिक्लेअर' गेलं. माझी दोन वाक्यांची युक्ती मेली.

मग यंत्रानेच निवडायचं ठरलं. अमेझॉनने असं एक यंत्र दहा वर्षांच्या बायोडेटांवर शिकवलं होतं, आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की ते 'विमेन्स' हा शब्द दिसला की गुण कापत होतं, केवळ मुलींच्या कॉलेजात शिकलेल्यांचेही. कंपनीने ते यंत्र आधीच मोडीत काढलं होतं. बातमी वाचताना मला आमच्या जुहूच्या एसएनडीटीतल्या मैत्रिणी आठवल्या. त्या यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं बायका नकोत म्हणून. ते मागच्या निवडींवरून शिकलं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं मुलुंडकर वाईट म्हणून, आणि मी तर स्वतः मुलुंडकर.

२०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. मी तो उत्सुकतेने वाचला. घाटकोपरच्या त्या माणसाने बायोडेटा एका ठिकाणी दिला आणि तो भलतीकडे उघडा पडला, अशा गोष्टीला आता नाव आणि दंड आहे. पण जे माणसाने आपणहून जाहीर मांडलंय, त्याला हा कायदा लागू नाही. उदाहरणादाखल कायद्याने घेतलीय ती चक्क आपल्यासारखी ब्लॉगवर मतं मांडणारी बाई! तेव्हा सख्यांनो, आपापलं बघा.

भाचीने ही सगळी कथा माळ्याच्या शिडीवर बसून ऐकली. मग संध्याकाळी तिचा बायोडेटा मला बघायला दिला, पुढच्या वर्षी कॅम्पस आहे तिचा. एकच पान, नीटस. मी जन्मतारीख आणि वडिलांचं नाव खोडायला सांगणार होते, ते तिने घातलेलंच नव्हतं. पत्त्याच्या जागी फक्त 'मुंबई'.

"पिनकोड नाही घातलास?"

"कशाला? फॉर्ममध्ये वेगळा विचारतात ना," ती म्हणाली. "तो भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही."

वही मी परत माळ्यावर टाकलेली नाही. आत्याला दाखवायची आहे, म्हणजे निदान तिला तरी कळेल मी नोकऱ्या लावत नव्हते.